तेलाचा रकाना

झाकण फिरवून काढलं, तर आतून पिवळट साय.
लोण्यासारखी. बोटाला चिकटली.
सिर्पा म्हणाली, हे काय?
मी म्हटलं, पाणी.
तिला वाटलं मी चेष्टा करते आहे.

केमी, जानेवारी, उणे चोवीस.
गॅरेजच्या पत्र्यावर नदीकडचा वारा
आणि लिफ्टवर तिच्या बापाची साब,
चार लाख अकरा हजार किलोमीटर.
तेलाचा लाल दिवा वळणावर लागायचा,
सरळ रस्त्याला विझायचा,
तसा भिडस्त दिवा.

ती येताना बाटली घेऊन आली होती.
ओता, दहा मिनिटं चालवा, सगळं धुऊन निघतं,
असं त्या बाटलीचं म्हणणं.
निघतं, खरं आहे.
पण निघून जातं कुठे?
खाली एक चाळणी असते, चहाच्या गाळणीएवढी.
साऱ्या इंजिनाचा घास तिच्यातून जातो.
वर्षांचं साचलेलं एकदम सुटलं
तर तिथेच तुंबेल, आणि वर सगळं कोरडं.
काही घाण भिंतीला धरून असते तोवर बरी.
काढायची तर हातानं.

म्हणून तळाचा पॅन उतरवला.
तीन बोल्ट गंजलेले,
त्यातल्या एकानं माझी शनिवारची संध्याकाळ खाल्ली.
आत जे होतं त्याला तेल कसं म्हणू,
काकवी चुलीवर विसरून घरातली माणसं गावाला गेली
की परतल्यावर जे दिसेल ते,
आणि कडेला कोळशाची कणी.
लाकडी चमच्यानं खरवडत गेले,
लोखंड लावलं की ॲल्युमिनियम ओरखडतं.
जाळीची अर्धी छिद्रं बुजलेली.
उरलेल्या अर्ध्यांवर
गाडी रोज निघत होती, रोज परत येत होती.

मी विचारलं, उर्हो ही कुठे न्यायचा?
सिर्पानं समोरच्या कप्प्यातून वही काढली.
तारीख, किलोमीटर, तेल.
इवालो. किर्केनेस. पुन्हा किर्केनेस, मासे घेऊन.
दर दहा हजाराला तेल, निळ्या शाईत,
सही केल्यासारखं.
चार लाख दोन हजारांनंतर रस्ताच आखूड झाला.
टेकडीवरचं वृद्धाश्रम.
दोन जायला, दोन यायला,
रोज, सहा वर्षं.

दोन किलोमीटरांत इंजिनाला जागसुद्धा येत नाही.
पेट्रोल जळताना थोडं पाणी होतं, वाफ.
तिला बाहेर पडायला ऊब लागते.
ऊब येण्याआधी टेकडी यायची.
किल्ली बंद.
वाफ आतच, थेंब होऊन तेलात.
आणि त्याच्या हिशेबानं तर
तेल बदलायचे दहा हजार
अजून भरलेच नव्हते.

रकाना मात्र रिकामा नव्हता.
त्याच शाईत, दिवसाला एक ओळ:
ओळखलं.
नाही.
नाही.
ओळखलं, पण भाऊ म्हणून.
नाही.

सिर्पानं ही पानं आधी पाहिलेली नसावीत.
ती कॉफीच्या यंत्राकडे गेली,
खाली कप न ठेवता बटण दाबलं
आणि वाहणाऱ्या कॉफीकडे बघत उभी राहिली.
मी फडकं दिलं. फरशी तशीही तेलकटच होती.

चाळणी नवी घातली, तेल स्वस्तातलं.
सांगून ठेवलं, पाचशेला पुन्हा काढायचं, मग हजाराला,
वर जे अडकलंय ते सावकाश येऊ दे.
किल्ली फिरवली तेव्हा वरून सुकी खडखड.
एक. दोन. तीन. चार.
मग तेल पोचलं.

रात्री चाचणीला मीच घेऊन निघाले.
दोन किलोमीटरवर टेकडी, ती इमारत,
तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी अजून जागं.
उष्णतेचा काटा तळाशी.
इथे त्याचा पाय ब्रेकवर जायचा,
पेडलचं रबर एका कोपऱ्यात झिजलंय.
मी थांबले नाही.
तोर्निओच्या रस्त्याला लागले.
नवव्या किलोमीटरला काटा मधोमध आला
आणि हीटरमधून, एवढ्या वेळानं,
गरम हवा,
थोडा जळक्या तेलाचा वास.